कल्हई

दिवाळीपूर्वी माळ्यावरची अडगळ खाली काढणे हा आमच्या घरचा वार्षिक विधी आहे. यंदा त्या अडगळीत एक पितळी पातेले निघाले. ते आजीचे ताकाचे पातेले. निपाणीचे घर सोडून आम्ही बेळगावात बिऱ्हाड केले, तेव्हा इतर भांड्यांबरोबर तेही आले आणि स्टीलच्या राज्यात त्याला काही काम न उरल्यामुळे माळ्यावर जाऊन बसले. बाहेरून ते काळवंडले होते. आतली कल्हई बहुतेक उडून गेली होती आणि तळाशी उघड्या पडलेल्या पितळेवर हिरवट डाग धरले होते. "मोडीत देऊन टाकावं का?" असे घरातून विचारण्यात आले. मोडीचा किलोचा भावही सांगण्यात आला. मी ते पातेले उजेडात नेऊन आत पाहिले. काठाखाली चार बोटे रुंदीचा एक पट्टा अजून पांढरा होता आणि त्यात माझ्या तोंडाची अस्पष्ट सावली पडली होती. मी म्हणालो, "आठ दिवस राहू द्या."

आठ दिवस कशासाठी, हे तेव्हा मला नीट सांगता आले नसते. त्याच सुमारास वार्षिकाच्या संपादक-मंडळाने माझ्याकडे लेख मागितला. विषय विज्ञानाचा असावा, पण तो मुलांच्या घरच्या माणसांनाही वाचता यावा, अशी त्यांची अट होती. तेव्हा या पातेल्याचीच हकीकत सांगावी असे मी ठरविले. यात विज्ञान कोठे आहे, असा प्रश्न वाचकांना पडेल. ते येणार आहे. पण ते कल्हईवाल्याच्या मागोमाग येईल.

माझ्या लहानपणी, १९८० च्या आगेमागे, आमच्या निपाणीच्या गल्लीत वर्षातून दोन-तीन वेळा कल्हईवाला येत असे. "कल्हईऽऽऽ" ही त्याची हाक गल्लीच्या टोकाशी ऐकू आली की आम्ही मुले पाटी-पुस्तक टाकून धावत सुटत असू. तंबाखूच्या वखारींचा उग्र दर्प गावात नेहमीच भरलेला असे; त्या दर्पावरही मात करणारा एकच वास आमच्या परिचयाचा होता, तो म्हणजे नवसागराचा. कल्हईवाल्याला आम्ही सारे मामू म्हणत असू. तो आजीला आक्का म्हणे. पिंपळाखाली जमिनीत एक वीतभर खड्डा खणून तो त्यात कोळसे पेटवी आणि भाता पुरून बसे. भाता ओढण्याचा मान मिळावा म्हणून आमच्यात भांडणे होत.

परंतु कोळसे पेटण्यापूर्वीचे त्याचे काम फार लांबलचक व आमच्या दृष्टीने फार कंटाळवाणे असे. तो प्रत्येक भांडे वाळू आणि राख घेऊन घाशी. मोठ्या भांड्यात तर तो ओल्या गोणपाटाचा तुकडा व वाळू टाकून स्वतः उभा राही आणि भिंतीला धरून कमरेपासून गरगर फिरे. अर्धा-अर्धा तास हे चाले. मग भांडे विस्तवावर तापे. ते पुरेसे तापले की मामू चिमूटभर नवसागर आत टाकी. भसकन पांढरा धूर उठे, नाकात झिणझिण्या येत आणि डोळ्यांतून पाणी वाहे. त्या धुरातच तो कथलाची कांडी भांड्याला टेकवी. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, हे पुढे शाळेत शिकलो. तेव्हा एवढेच दिसे की कांडीचे टोक पाण्यासारखे होते आणि कापसाच्या बोळ्याने मामू ते पाणी एका फटकाऱ्यात भांडेभर फिरवितो. पिवळे भांडे आतून चंद्रासारखे पांढरे होई. मग चर्र आवाज करून ते बादलीत बुडे. या शेवटच्या खेळाला दोन मिनिटेसुद्धा लागत नसत.

एकदा आजीच्या या पातेल्याची पाळी आली असता मी मामूला म्हणालो, "मामू, आमच्या पातेल्याला कथील जास्त लावा. म्हणजे पुष्कळ दिवस टिकेल." मामू हसला नाही. तो म्हणाला, "जास्त लावलं तर ओघळ येतो, बाळ. कल्हई कथलानं बसत नाही, घासण्यानं बसते." आजीने त्याला दुजोरा दिला. मला मात्र त्यात कंजूषपणाचा संशय आला.

कल्हई कशासाठी करतात ते मला आजीच्या हातून एकदाच झालेल्या चुकीमुळे कळले होते. कल्हई उडालेल्या भांड्यात तिने घाईत ताक ठेवले आणि संध्याकाळी ते कळकले. ताकातील आम्लाने पितळेतले तांबे ओढून घेतले होते. त्या ताकाची चव अजून जिभेवर आहे. एवढे जाडजूड पातेले ताकाला सांभाळू शकले नाही. त्याच्या आतला, कागदाहूनही पातळ असा तो कथलाचा थर मात्र रोज सांभाळीत होता. भांड्याला आकार पितळेचा, वजन पितळेचे, किंमतही पितळेची. परंतु ताकाशी गाठ पडे ती कथलाची. माझ्या पुढच्या सगळ्या शिक्षणाचे सार या एका वाक्यात होते, याची मला त्या वेळी कल्पना नव्हती.

निपाणी १ नोव्हेंबर १९५६ पासून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आहे. पण गावाला लागूनच असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्राच्या हद्दीत येते आणि ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. आमच्याकडील कित्येक मुलांप्रमाणे मीही तेथून पदवीधर झालो आणि १९९४ साली एम. एस्सी.साठी कोल्हापूरला गेलो. वेदगंगा ओलांडावी, दूधगंगा ओलांडावी, कागल मागे टाकावे की कोल्हापूर येते. अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. परंतु मराठी माध्यमातून आलेल्या मला ते फार दूर वाटले. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोरील अश्वारूढ शिवछत्रपतींच्या पुतळ्यापाशी पहिल्या दिवशी मी बराच वेळ उभा राहिलो, तो दर्शनासाठी तितका नव्हे, जितका आत जाण्याचे धैर्य गोळा करण्यासाठी.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली. तेथील भौतिकशास्त्र विभागाने ज्या विषयात देशात व देशाबाहेर नाव मिळविले, तो विषय म्हणजे पदार्थांचे पातळ थर. विद्यार्थी त्याला 'थिन फिल्म' म्हणतात. एस. एच. पवार, सी. डी. लोखंडे, पी. एस. पाटील या प्राध्यापकांची नावे या विषयातील शोधनिबंध वाचणाऱ्यांना परिचित आहेत. विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने अर्धवाहकांचे थर कसे बसवावेत, यावर लोखंडे व पवार यांचा विस्तृत आढावा १९८९ साली जर्मनीतील एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला; फवाऱ्याच्या पद्धतीवर पाटील यांचा आढावा १९९९ साली आला. पुढे या विभागातून शिकून गेलेल्या कितीतरी जणांनी ठिकठिकाणी या विषयाच्या प्रयोगशाळा उभ्या केल्या.

पातळ म्हणजे किती पातळ? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग कल्पावे. त्यांतील एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. आपल्या डोक्याचा केस सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. विभागात जे थर बनत, ते बहुधा शंभर ते हजार नॅनोमीटरांचे. इतक्या सूक्ष्म गोष्टी मोठ्या यंत्रांवाचून मापता येत नाहीत, असा आपला समज असतो. पण या मोजमापाचा आरंभ अगदी घरगुती होता. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपम येथील तळ्यात चमचाभर तेल ओतले, तेव्हा ते सुमारे अर्धा एकरभर पसरून तेथील पाणी आरशासारखे शांत झाले. हा प्रयोग त्याने १७७४ साली प्रसिद्ध केला. चमचाभर तेलाला अर्ध्या एकराने भागून पाहावे, तर थराची जाडी दोन-अडीच नॅनोमीटर येते. हा भागाकार त्याने केला नाही. तो आपल्या आठवीच्या विद्यार्थ्यांना करता येईल. त्यानंतर शंभर वर्षांनी ब्राउनश्वाईग येथील अ‍ॅग्नेस पोकेल्स या मुलीने स्वयंपाकघरात भांडी धुताना पाण्यावरचा तेलकट पापुद्रा न्याहाळला आणि एका पत्र्याच्या डब्यात पाणी घेऊन त्याचा अभ्यास केला. त्या काळी तिकडेही मुलींना विद्यापीठाचे दार बंद होते. तिने आपले निष्कर्ष लॉर्ड रॅले यांना पत्राने कळविले आणि १८९१ साली त्यांनी ते पत्र 'नेचर' या नियतकालिकात छापवून आणले. भांडी घासणाऱ्या हातांचा आणि या शास्त्राचा संबंध असा जुना आहे.

कोल्हापुरातील पद्धती पाहून मला पहिल्यांदा धीर आला, तो त्यांच्या साधेपणामुळे. निर्वात पात्रांची अवजड व महागडी यंत्रे वापरून थर बसविण्याची रीत जगात रूढ आहेच. परंतु येथे मुख्यतः काचेची पात्रे, गरम पाणी आणि रसायने यांवर काम चाले. एका पद्धतीत तापलेल्या काचेवर द्रावणाचा बारीक फवारा मारतात. काच तीनशे ते पाचशे अंश तापलेली असते. थेंब पोहोचताच त्यातील पाणी उडून जाते आणि हवा तो पदार्थ काचेला चिकटून राहतो. अंगणात सडा घालताना आजी जशी हाताच्या एका लयीत पाणी उडवी, तशीच लय फवाऱ्याला सांभाळावी लागते. कमीजास्त झाले की ठिपके पडतात. दुसऱ्या पद्धतीत काच एका द्रावणात बुडवितात, पाण्याने धुतात, दुसऱ्या द्रावणात बुडवितात, पुन्हा धुतात. प्रत्येक फेरीत अगदी सूक्ष्म असा एक पदर चढतो. फ्रान्समधील निकोलाऊ यांनी १९८५ साली मांडलेली ही रीत कोल्हापुरात चांगलीच रुजली. तिसरी पद्धत म्हणजे काच द्रावणात उभी करून ठेवावयाची आणि वाट पाहावयाची. माझ्या वाट्याला ही वाट पाहण्याची पद्धत आली.

माझा विषय होता कॅडमियम सल्फाइडचा थर. हा पिवळा पदार्थ अंधारात विजेला जवळजवळ अडवून धरतो आणि उजेड पडताच तिला वाट देतो. हे काम नेमून देताना मार्गदर्शकांनी 'सबस्ट्रेट' असा शब्द वापरला. मला तो ठाऊक नव्हता आणि तसे सांगण्याचे धैर्यही नव्हते. माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "ज्याच्यावर थर बसवायचा ते. आधी मराठीत समजून घे, मग इंग्रजीत लिही." ज्याच्यावर थर बसवायचा ते, म्हणजे पातेले! माझ्या मनात लख्ख उजेड पडला. पण उजेड पडला तरी शहाणपण आले नाही, हे पुढील हकीकतीवरून दिसेल.

कृती अशी होती. कॅडमियमच्या क्षाराचे पाणी घ्यावयाचे व त्यात अमोनिया घालावयाचा. प्रथम पाणी दुधासारखे गढूळ होते. आणखी अमोनिया घातला की पुन्हा स्वच्छ होते. मग त्यात थायोयुरिया मिसळून, पात्र सत्तर अंशांच्या गरम पाण्यात ठेवून, त्यात काचेच्या पट्ट्या उभ्या सोडावयाच्या. अमोनियाची बाटली मी पहिल्यांदा उघडली आणि नाकात झिणझिण्या आल्या. डोळ्यांतून पाणी आले. क्षणभर मी कोल्हापुरात नव्हतोच. निपाणीच्या पिंपळाखाली भात्याशी बसलो होतो. नवसागर तापविला की त्यातून जो वायू सुटतो, त्यातला एक अमोनियाच. मामूच्या विस्तवात नवसागर धातूवरची मळी काढून टाकी. माझ्या पात्रात अमोनियाचे काम निराळे होते. तो कॅडमियमला धरून ठेवी व हळूहळू सोडी. घाईने सुटले तर सारा पदार्थ पाण्यातच जमून पिवळी भुकटी होऊन तळाशी बसतो. सावकाश सुटले, तरच त्याला काचेवर बसण्याची सवड मिळते.

कॅडमियम विषारी आहे. म्हणून हातमोजे घालावयाचे, उरलेले पाणी मोरीत न ओतता वेगळ्या बरणीत साठवावयाचे आणि फुकट गेलेल्या काचाही वेगळ्या बरणीत टाकावयाच्या, असा प्रयोगशाळेचा कडक नियम होता. या नियमाने पुढे माझी अब्रू घालविली आणि राखलीही.

पहिल्या महिन्यात मी बारा काचा केल्या. पात्रातून काढताना प्रत्येक काच सोन्यासारखी पिवळी दिसे. पण पाण्याखाली धरली की थराला पोपडे सुटत आणि पावसाळ्यानंतरच्या भिंतीसारखी तिची दशा होई. अकरा काचांचे असे झाले. बारावीचा थर मात्र टिकला. तो स्वच्छ, सारखा व पारदर्शक होता. त्यातून खिडकीबाहेरची झाडे पिवळी दिसत होती. मी अकरा काचा बरणीत टाकल्या, वहीत बाराव्या काचेची कृती व तपशील सुवाच्य अक्षरात लिहिला आणि ती काच घेऊन मार्गदर्शकांपुढे उभा राहिलो. मी खोटे काहीच लिहिले नव्हते. माझ्या सोबतचे विद्यार्थी पुढे गेले होते, घरून पैसे मागविणे कठीण होत चालले होते आणि एक तरी यश दाखवावे, याची मला तळमळ लागली होती.

त्यांनी काच उजेडात धरून पाहिली. वही वाचली. मग शांतपणे विचारले, "आधीच्या काचा कुठं आहेत?"

"टाकल्या, सर. त्यांचा थर सुटला."

"किती होत्या?"

"अकरा."

"वहीत नाहीत?"

मी गप्प राहिलो. ते म्हणाले, "ही वही वाचणारा समजेल, की तू एक काच केलीस आणि ती साधली. तो तुझ्या कृतीनं बारा करील, त्याच्या अकरा फुकट जातील आणि चूक त्याची आहे असं त्याला वाटेल. जा, अकरा काचा काढून आण."

ते रागावले असते तर बरे झाले असते. मी बरणीतून चिमट्याने एकेक काच काढली आणि कागदावर ओळीने मांडली. कान तापले होते. आपण चोरी केली नाही, मग चोरासारखे का वाटते, हे मला कळत नव्हते. खरे म्हणजे कळत होते. एक काच दाखवून अकरा लपविणे हे उडालेली कल्हई झाकून भांडे विकण्यासारखेच होते, आणि कळकलेले ताक दुसऱ्याच कोणाच्या तोंडी जाणार होते.

त्या काचा मी भिंगाखाली धरल्या. थर सगळीकडून सुटला नव्हता. वर, खाली, कडेला तो पुष्कळसा टिकला होता; सुटला होता तो मध्यावर, एका लांबट गोल जागी. दुसऱ्या काचेवर तशीच जागा, तिसऱ्यावरही तशीच. एका काचेवर तर त्या जागेत बारीक वळणदार रेषा दिसल्या. मी आपला अंगठा भिंगाखाली धरला आणि मला सगळा उलगडा झाला. काचा धुऊन झाल्यावर मी घाईने मध्यावर धरून उचलीत होतो आणि खिशातल्या रुमालाने पुसून द्रावणात सोडीत होतो. माझ्या बोटांचा तेलकटपणा तेथे आधीच थर करून बसला होता. बारावी काच योगायोगाने कडेला धरली गेली असावी. मामूचे शब्द मला आठवले ते अशा ठिकाणी व अशा वेळी. ज्याच्यावर मी कंजूषपणाचा संशय घेतला होता, त्याने हे दहा-बारा वर्षांपूर्वीच मला सांगून ठेवले होते.

त्यानंतर मी काचा घासावयास शिकलो. साबणाने धुवावी, सौम्य आम्लात ठेवावी, ऊर्ध्वपातित पाण्याने पुनःपुन्हा धुवावी आणि शेवटी चिमट्याने कडेला धरून पाहावे. पाण्याचे थेंब थेंब उभे राहिले तर काच अजून मळकी आहे. पाण्याचा एकसंध पडदा पसरला तर ती तयार आहे. या परीक्षेत काच उतरेपर्यंत अर्धा दिवस जाई. मी पुन्हा बारा काचा केल्या. त्यांतील नऊ टिकल्या. उरलेल्या तिनांपैकी दोन मी फार वेळ द्रावणात ठेवल्या होत्या. थर जाड झाला की तो स्वतःच्याच ताणाने सुटतो, तेव्हा मामूच्या म्हणण्याचा पहिला भागही खरा ठरला. तिसरी का सुटली ते मला शेवटपर्यंत कळले नाही. वहीत मी तसेच लिहिले.

थराची जाडी काढण्याची रीत फार सोपी होती. कोरी काच संवेदनशील तराजूत तोलावयाची, थर बसल्यावर एका बाजूचा थर पुसून पुन्हा तोलावयाची. दहा चौरस सेंटिमीटर जागेवर वजन सुमारे एक मिलिग्रॅमने वाढले, तर कॅडमियम सल्फाइडची घनता लक्षात घेता जाडी दोनशे नॅनोमीटर येते. एक मिलिग्रॅम म्हणजे अक्षतेच्या एका दाण्याहून कितीतरी कमी! एवढ्या पदार्थासाठी मी चार महिने घालविले होते. ती काच तारांना जोडून खोका बंद केला तेव्हा विद्युत्प्रवाह जवळजवळ नव्हता. खोका उघडून दिवा लावला आणि काटा सरकला. मी मध्ये हात धरला. तो मागे आला. हात काढला, पुन्हा सरकला. हा खेळ मी किती वेळ करीत बसलो ते आता सांगवत नाही. अंधार आणि उजेड यांतील फरक त्या मिलिग्रॅमभर पदार्थाला कळत होता.

अशा थरांना 'कार्यक्षम थर' म्हणावे असे मला वाटते. कारण ते शोभेसाठी नसतात, त्यांना नेमून दिलेले काम असते. गच्चीवरचा सौरपत्रा निळा दिसतो, तो सिलिकॉन नायट्राइडच्या सुमारे ऐंशी नॅनोमीटर जाडीच्या थरामुळे. हा थर प्रकाशाला परत फिरू देत नाही, आत घेतो. आपल्या हातातील फोनची काच बोटाचा स्पर्श ओळखते, ती इंडियम व कथील यांच्या ऑक्साइडच्या पारदर्शक थरामुळे. येथेही आपले कथील आहेच. वेफरच्या पाकिटाच्या आतील चकाकी म्हणजे प्लास्टिकवर बसविलेला अ‍ॅल्युमिनियमचा थर. तो हवा व ओलावा आत येऊ देत नाही. आजीने ते पाकीट पाहिले असते तर "याला कल्हई केली आहे" असेच ती म्हणाली असती, आणि ते बरोबर ठरले असते. वायूचा वास ओळखणारे, वीज साठविणारे, विजेच्या स्पर्शाने रंग बदलणारे थर कोल्हापुरात व इतरत्र अभ्यासिले जातात. कॅडमियमचे विष टाळून तेच काम दुसऱ्या पदार्थाकडून करून घेण्याची खटपटही चालू आहे.

परंतु मुलांना मी एक गोष्ट लपवून ठेवणार नाही. प्रयोगशाळेत बनणाऱ्या बहुतेक थरांच्या नशिबी बाजारात जाणे नसते. माझा लघुप्रबंध कपाटात पडून असेल. मी संशोधक झालो नाही. घरच्या अडचणींमुळे पदवी हातात पडताच शिक्षक झालो. पुष्कळ दिवस मला याचे वाईट वाटे. नऊ काचांचा जगाला काय उपयोग झाला, असे मी स्वतःला विचारी. आता तसे विचारीत नाही. पुढे कोणी त्या वाटेने गेला असेल, तर अकरा काचा का सुटल्या, हे त्याला वहीत सापडले असेल. आणि वर्गात एखादा मुलगा चुकलेले गणित खोडरबराने पुसू लागला की मी त्याचा हात धरतो व "राहू दे, खाली पुन्हा कर" असे म्हणतो. हे मला त्याच वर्षाने शिकविले.

ठरलेल्या आठ दिवसांची गोष्ट राहिली. बेळगावात कल्हईवाला शोधण्यास मला त्यांतील सहा दिवस लागले. अखेर जुन्या गल्लीतील एका भांड्यांच्या दुकानदाराने पत्ता दिला. आलेला गृहस्थ पन्नाशीचा होता. त्याच्याकडे भाता नव्हता, गॅसची शेगडी होती. पण कथलाची कांडी तीच होती आणि नवसागराची पुडीही तीच. शेजारची दोन-चार मुले जमली. त्यांतील आमच्या शाळेतील सातवीच्या एका मुलीने शेगडी पेटविण्याची वाट पाहून पाहून मला विचारले, "सर, हे नुसतं घासतच बसलेत. कल्हई कधी करणार?"

मी म्हणालो, "तेच चाललं आहे."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा घासू लागला. मग पांढरा धूर उठला, मुले डोळे चोळीत मागे सरली, आणि पातेले आतून पांढरे झाले. मोडीच्या भावापेक्षा कल्हईची मजुरी जास्त पडली, याची घरात नोंद घेण्यात आली. दुसऱ्या दिवशी त्यात ताक केले. संध्याकाळपर्यंत ते ठेवले आणि मग सर्वांनी घेतले. ते कळकले नव्हते.